पोटात नको, हाताशी हवी

चेक-इन काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवली की एक ठरलेला प्रश्न येतो, "बॅगेत पॉवर बँक वगैरे काही आहे का?" असेल तर ती काढून हातातल्या सामानात घ्यायला सांगतात. इथे अनेकांच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ही वस्तू पेट घेईल इतकी धोक्याची असेल, तर ती माणसं बसतात तिथे कशाला ठेवायची? खाली सामानात, माणसांपासून लांब असलेली बरी नाही का? कात्री खाली पाठवायची आणि पेटू शकणारी बॅटरी मात्र मांडीवर घेऊन बसायचं, हा उलटा न्याय कसला?

हा न्याय उलटा नाही. पण तो पटायला आधी बॅटरी पेटते कशी हे समजून घ्यावं लागतं. विझवण्याच्या गोष्टी त्यानंतरच्या.

१. सेलच्या आत

फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, ब्लूटूथ हेडफोन या सगळ्यांत आज लिथियम-आयन सेल असतात. सेलमध्ये दोन पातळ पट्ट्या असतात. एक तांब्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा लेप. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर कोबाल्ट, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप. दोन्ही एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा घालतात. याला सेपरेटर म्हणतात. त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. हे सगळं गुंडाळून किंवा घड्या घालून एका पाकिटात बसवतात आणि आत एक द्रव भरतात, तो इलेक्ट्रोलाइट. चार्जिंग करताना लिथियमचे आयन या द्रवातून, पडद्याच्या छिद्रांतून ग्रॅफाइटकडे जातात. फोन वापरताना ते परत येतात. बॅटरी चालते ती एवढ्या येण्याजाण्यावर.

हा द्रव पाण्यावर आधारलेला का नसतो? कारण या सेलचा दाब चार व्होल्टच्या आसपास जातो आणि तेवढ्या दाबाला पाण्याचंच विघटन होऊ लागतं. म्हणून सेंद्रिय द्रावक वापरावा लागतो, आणि तो ज्वालाग्राही असतो. थोडक्या जागेत भरपूर वीज साठवायची याची ही किंमत आहे.

आता तो पडदा फाटला तर? फोन जोरात आपटला, पॉवर बँक बॅगेत चेपली, चार्जर भलताच निघाला, किंवा कारखान्यातच धातूचा एखादा कण आत राहून गेला, तर दोन्ही पट्ट्या एका ठिपक्याएवढ्या जागी एकमेकींना भिडतात. तिथे शॉर्ट सर्किट होतं आणि ती जागा तापू लागते.

२. ऊब धरलेली गंज

यापुढे जे घडतं त्याला थर्मल रनअवे म्हणतात. शेतकऱ्याला ते वेगळ्या रूपात ठाऊक असतं. कडबा नीट न वाळवता, ओलसर असतानाच रचला की गंजीच्या पोटात ऊब धरते. ऊब बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वाढते. वाढली की आतली प्रक्रिया आणखी जोरात होते आणि ऊब आणखी वाढते. एके दिवशी बाहेरून काडी न लावताही गंज धुमसू लागते. सेलचंही असंच असतं. आत तयार होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की पुढचा कारभार आपोआप चालतो. गंजीला लागतात ते दिवस, सेलला काही सेकंद किंवा मिनिटं पुरतात.

सेल तापत १३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की तो प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. मग शॉर्ट सर्किट ठिपक्यापुरतं राहत नाही. आणखी वर गेल्यावर धातूचं ऑक्साइड मोडतं आणि ऑक्सिजन सोडतं. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. आग विझवायची म्हणजे हवा तोडायची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे प्राणवायू आतूनच मिळू लागतो, त्यामुळे वरून हवा तोडून आतली प्रक्रिया थांबत नाही. द्रावकाची वाफ होऊन सेल फुगतो, फुटतो आणि वायू जोरात बाहेर पडतात. त्यांत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, आणि हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी, दाहक वायूही असतो. तापमान कित्येकदा ६०० अंशांच्या पुढे जातं.

लॅपटॉपमध्ये किंवा मोठ्या पॉवर बँकेत असे अनेक सेल शेजारी शेजारी असतात. एक पेटला की त्याची धग शेजारच्याला लागते आणि तोही त्याच वाटेने जातो. ज्वाळा विझल्या, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दोन मिनिटांनी दुसरा सेल फुटला, असं होऊ शकतं.

३. खाली आग लागली तर

प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात आग विझवायची सोय असते. धूर ओळखणारं यंत्र असतं आणि हॅलॉन नावाच्या वायूच्या बाटल्या असतात. वैमानिकाने कळ दाबली की कप्प्यात सुरुवातीला ५ टक्क्यांच्या आसपास हॅलॉन भरतो आणि पुढे विमान उतरेपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास टिकवून ठेवला जातो. कपडे, कागद, पुठ्ठा यांच्या आगीवर हॅलॉन उत्तम काम करतो. ज्वाळेतली रासायनिक साखळीच तो तोडतो.

पण हॅलॉन थंड करत नाही. धुमसणाऱ्या गंजीवरच्या ज्वाळा मारल्या तरी पोटातली ऊब तशीच राहते, आणि बॅटरीच्या बाबतीत नेमकं तेच होतं. ज्वाळा नसताना सेल वायू सोडत राहतात आणि हे वायू बंद कप्प्यात साठत जातात. त्यांत हायड्रोजन आहेच. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, अशा चाचण्या मुद्दाम घेतल्या. २०१७ मधल्या एका चाचणीत भरलेल्या सुटकेसमध्ये लॅपटॉप ठेवला, त्याला चिकटून ड्राय शॅम्पूचा फवाऱ्याचा डबा ठेवला आणि लॅपटॉपचा एक सेल तापवला. आग भराभर वाढली आणि ४० सेकंदांच्या आत डब्याचा स्फोट झाला. हॅलॉन आपलं काम करण्याआधीच हा प्रकार होऊन जाऊ शकतो. ड्राय शॅम्पू ही काही कोणी चोरून नेलेली वस्तू नव्हे, चेक-इन बॅगेत तो चालतो.

मोठ्या प्रमाणावर काय होतं ते ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत दिसलं. यूपीएस कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान कोलोनला निघालं होतं. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीचा इशारा आला. वैमानिकांनी विमान परत वळवलं, पण कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची यंत्रंही दिसेनात. इशाऱ्यानंतर अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळलं आणि दोघेही वैमानिक गेले. त्या विमानाच्या मुख्य मजल्यावर हॅलॉन नव्हता. मालवाहू विमानांत आतला दाब काढून, हवा विरळ करून आग दाबण्याची पद्धत असते, ती इथे पुरी पडली नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीचं मालवाहू विमान आगीमुळे समुद्रात पडलं. त्यातही बॅटऱ्या होत्या. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयकाओने, प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर बंदी घातली. मालवाहू विमानातून न्यायच्या तर त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज केलेल्या नसाव्यात, असं ठरलं. कमी भरलेला सेल तापला तरी कमी भडकतो.

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. खालच्या कप्प्यात उड्डाणादरम्यान कोणी उतरू शकत नाही. तिथे बॅटरी धुमसू लागली तर ती कोणाला दिसत नाही, वास येत नाही, पाणी ओतता येत नाही. केबिनमध्ये तीच बॅटरी शे-दीडशे नाकांच्या आणि चार-सहा प्रशिक्षित माणसांच्या टप्प्यात असते. लवकर कळणं आणि हात पोचणं, या दोन गोष्टींसाठी आपण ती जोखीम जवळ घेऊन बसतो.

या हिशोबाला एकदा चांगलाच तडा गेला होता. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने घातपाताच्या भीतीने दुबई, अबू धाबी, दोहा अशा दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना फोनपेक्षा मोठं उपकरण केबिनमध्ये न्यायला मनाई केली. मुंबईहून आखाती देशांमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या कितीतरी लोकांचे लॅपटॉप तेव्हा सामानात गेले. सुरक्षावाल्यांना ते खाली हवे होते, आग विझवणाऱ्यांना वर. जुलैपर्यंत ही मनाई उठली. माझ्या मते त्या चार महिन्यांत एका धोक्याला घाबरून दुसरा धोका विमानाच्या पोटात भरला गेला.

४. लिथियमवर पाणी?

शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवलेला ज्यांना आठवतो, ते इथे अडतात. लिथियम त्याच घराण्यातला धातू. मग पेटत्या लिथियम बॅटरीवर पाणी ओतायचं म्हणजे आगीत तेल नव्हे का?

फोनच्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात जवळपास नसतंच. ते संयुगांत आणि आयनांच्या रूपात असतं. म्हणून पाण्याने होणारा उपद्रव किरकोळ आणि फायदा मोठा. हातातल्या उपकरणांच्या आगीसाठी एफएएने केबिन क्रूला दिलेली सूचना सरळ आहे. ज्वाळा असतील तर आधी हॅलॉनची बाटली मारा, मग पाणी ओता, ओतत राहा. पाणी संपलं तर दारू सोडून हाताला येईल ते पेय चालेल.

फायदा किती मोठा, याचा हिशोब करून पाहू. फोनच्या बॅटरीत सुमारे १५ वॉट-तास ऊर्जा असते. एक वॉट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल, तेव्हा फोनमध्ये झाले ५४,००० ज्यूल. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. भागाकार केला तर उत्तर येतं १३. म्हणजे पूर्ण भरलेल्या फोनची सगळी वीज उष्णता होऊन एका लिटरच्या बाटलीत उतरली तर पाणी १३ अंशांनी तापेल, आंघोळीलाही पुरणार नाही इतकं. ६० वॉट-तासांचा लॅपटॉप तेच पाणी ५१ अंशांनी तापवेल. अर्थात द्रावक आणि प्लास्टिक जळतात त्याची उष्णता वेगळी, आणि ती विजेच्या कितीतरी पट असते. पण पाण्याच्या हातीही मोठा पत्ता आहे. उकळलेल्या एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळपास साडेबावीस लाख ज्यूल घेऊन जातं. ते लॅपटॉपमधल्या विजेच्या दहापट भरतं. विमानाच्या गॅलीत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके असतात. आग हाताशी असेल तर तिच्यापुढे उभं राहायला तेवढं पुष्कळ.

बर्फ मात्र नको. तो थंड असतो म्हणून सुचतो, पण बर्फाचे खडे उपकरणावर थर करून बसतात आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाहीत. ब्लँकेट टाकून झाकणंही त्याच कारणाने चूक.

५. तिघांची कामं

क्रूच्या प्रशिक्षणात आगीच्या वेळी कामं वाटून दिलेली असतात. पहिला पोचतो तो आग विझवतो. दुसरा विमानातल्या अंतर्गत फोनवरून वैमानिकाला कळवतो आणि तो फोन सोडत नाही. तिसरा पाणी, आणखी बाटल्या, हातमोजे आणून देतो, प्रवाशांना बाजूला करतो. आग विझवणारा डोक्यावर धूर रोखणारी टोपी चढवतो. तिच्यात साधारण १५ मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. उपकरण सीटच्या सॉकेटला लावलेलं असेल तर ती वीज तोडतात. कॉकपिटचं दार बंद राहील याची काळजी घेतात. दुबईच्या विमानाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

तापलेलं उपकरण लगेच उचलायचं नसतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं, धूर किंवा चरचर नाही याची खात्री करायची, मग पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून ठेवायचं आणि उतरेपर्यंत त्यावर नजर ठेवायची. हल्ली बऱ्याच विमानांत यासाठी आगीला टिकणाऱ्या खास पिशव्याही असतात.

२३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात हे जवळजवळ पुस्तकाबरहुकूम झालं. प्रवाशांना धुराचा वास आला. वरच्या सामानाच्या कप्प्यातल्या एका बॅगेत सॅमसंगचा नोट २ फोन होता, त्यातून ठिणग्या आणि धूर येत होता. क्रूने आजूबाजूच्या प्रवाशांना हलवलं, अग्निशामक बाटली मारली, फोन टॉयलेटमध्ये पाण्याच्या भांड्यात टाकला. विमान चेन्नईला नेहमीसारखं उतरलं. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये बीजिंग ते मेलबर्न प्रवासात झोपलेल्या एका बाईच्या कानावरचे हेडफोनच पेटले. तिने ते ओढून जमिनीवर टाकले, क्रूने बादलीभर पाणी ओतलं. वितळलेली बॅटरी जमिनीला चिकटून बसली होती.

प्रवाशाचं काम या सगळ्यात लहान पण नेमकं आहे. फोन किंवा पॉवर बँक फुगली, चटका बसेल इतकी तापली किंवा गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास आला, तर घंटी दाबायची आणि ओरडून सांगायचं. लाजून ती खिशात किंवा बॅगेत सरकवायची नाही. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढेमागे करायची नाही, विशेषतः मोटरवर चालणाऱ्या रुंद सीटची. फोन तिथे चिरडला जातो आणि पडदा फाटतो. उड्डाणाआधीच्या घोषणेत हे वाक्य असतं. ते ऐकून हसणारे लोक मी पाहिले आहेत.

६. शंभरचा आकडा

पॉवर बँक १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे चालते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोनच नेता येतात. त्यापुढे बंदी. आपल्या पॉवर बँकेवर मात्र बहुधा मिलीॲम्पिअर-तास मोठ्या अक्षरात छापलेले असतात. हिशोब असा करायचा: त्या आकड्याला ३.७ व्होल्टने गुणायचं आणि १,००० ने भागायचं. १०,००० ची असेल तर ३७ वॉट-तास, २०,००० ची असेल तर ७४. २७,००० ची ९९.९ वर येऊन थांबते. बाजारात हा आकडा इतका दिसतो तो याचमुळे. लेबल पुसलेलं असेल तर सुरक्षा तपासणीत पॉवर बँक ठेवून घेतली जाऊ शकते, आणि वाद घालून उपयोग नसतो.

एक चूक फार होते. केबिन भरली की बोर्डिंगच्या दारात छोट्या बॅगा खाली पाठवायला काढून घेतात. त्या घाईत बॅगेतली पॉवर बँक काढायची राहते आणि सगळ्या तपासण्या पार करून आलेली बॅटरी शेवटच्या पावलावर विमानाच्या पोटात जाते.

७. डोक्यावरचा कप्पा

केबिनमध्ये असलेली प्रत्येक वस्तू हाताशी असतेच असं नाही. वरचा कप्पा दिसायला जवळ, पण तिथे बॅटरी बॅगेच्या आत, बॅग इतर बॅगांच्या मागे, आणि सगळ्यांवर झाकण. धूर झाकणाच्या फटीतून यायला लागेपर्यंत वेळ गेलेला असतो. झाकण एकदम उघडलं तर ताजी हवा मिळून आग उसळते. म्हणून क्रू आधी हाताच्या पाठीने धग तपासतो आणि फट ठेवून बाटली मारतो.

२८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या बुसान शहरातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं हाँगकाँगला निघालेलं एअरबस ए-३२१ असंच पेटलं. आग मागच्या भागातल्या वरच्या कप्प्यातून सुरू झाली. विमान उशिरामुळे अजून जमिनीवरच होतं. घसरगुंड्यांवरून १७६ च्या १७६ माणसं बाहेर पडली आणि विमानाचं छप्पर जळून गेलं. पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन निकामी होऊन आग लागली असावी, असं मार्चमध्ये तिथल्या वाहतूक मंत्रालयाने सांगितलं. तीच आग समुद्रावर, जवळच्या धावपट्टीपासून तासभर लांब लागली असती तर काय, हा प्रश्न सगळ्याच कंपन्यांना पडला.

त्यानंतर नियम भराभर बदलले. कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँकेवर चार्जिंग करणं बंद केलं. चीनने २८ जूनपासून देशांतर्गत विमानांत सुरक्षेचा ठरावीक शिक्का नसलेल्या पॉवर बँकांना बंदी घातली. त्याच महिन्यात रोमॉस आणि अँकर या चिनी कंपन्यांनी सदोष सेलमुळे लाखो पॉवर बँका परत मागवल्या होत्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून एकच पॉवर बँक, तीही न वापरता, असा नियम केला. कुठे काय चालतं याचा मेळ नाही, हे खरं. मुंबईहून सिंगापूरमार्गे सोलला जाणाऱ्याला दोन-तीन नियमावल्या वाचाव्या लागतात. पण झाकणाआड बॅटरी नको, यावर आता बहुतेकांचं एकमत होत चाललं आहे.

त्याच ऑक्टोबरात लागोपाठच्या दोन दिवसांत दोन घटना घडल्या. १८ तारखेला एअर चायनाच्या हांगचौ ते इंचॉन विमानात वरच्या कप्प्यातल्या बॅगेतली बॅटरी पेटली. कप्प्यातून ज्वाळा बाहेर आल्या, माणसं ओरडू लागली आणि विमान शांघायला उतरवावं लागलं. १९ तारखेला दिल्लीहून दिमापूरला निघालेलं इंडिगोचं विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. ती समोरच्या सीटच्या खिशात होती. क्रूने काही सेकंदांत आग विझवली, विमान पार्किंग बेवर परत आलं आणि तपासणीनंतर पुढे गेलं. पुढच्या महिन्यात आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, म्हणजे डीजीसीएने, परिपत्रक काढलं. उड्डाणात पॉवर बँकेवर चार्जिंग नको आणि ती वरच्या कप्प्यातही नको, असं त्यात आहे.